दाराची फट

मे महिन्यातल्या एका रविवारी रात्री मी पोर्चमध्ये उकिडवी बसून एकच दार उघडत होते आणि लावत होते. उघडायचं नीट. लावताना मात्र मागचा वरचा कोपरा पत्र्याला कर्रकन घासायचा आणि दार दोन बोटं उघडंच राहायचं. खालच्या बाजूला फट एवढी, की करंगळी सहज आत जाईल. आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, लाव की एकदाचं, डास येतायत!" त्यांना वाटलं मी घराचं दार घेऊन बसलेय.

गाडीचं होतं. आणि ते लागत नाही म्हणजे काय झालंय, हे मला पहिल्याच खेपेला कळलं होतं. पुढच्या सोळा खेपा नुसती मनाची समजूत. फेब्रुवारीपासूनचं काम पाण्यात गेलं होतं, आणि ते कोणी घालवलं याचा शोध घ्यायला फार लांब जायचीही गरज नव्हती.

गाडी म्हणजे ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क टू (म्हणजे दुसरी आवृत्ती), १९६६ ची. दोन माणसांची, उघडी आणि बुटकी. इतकी बुटकी की शेजारी रिक्षा उभी राहिली तर रिक्षावाला वाकून आपल्याकडे बघेल. इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या कॅनली कारखान्यात १९८० पर्यंत स्पिटफायर बनत होती. नाव सांगून ज्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही त्यांना मी हेरल्ड सांगते, मग चेहरे उजळतात. स्टँडर्ड हेरल्ड, १९६१ पासून मद्रासला बनायची. कुणाच्या तरी डॉक्टरकाकांकडे असायचीच. मडगार्डांसकट अख्खं बॉनेट काचेकडून उचलून पुढे कलंडायचं, ती. स्पिटफायर ही तिची धाकटी बहीण. दोघींचं रूप काढणारा माणूस एकच, इटलीचा जिओव्हान्नी मिकेलॉट्टी. चासीसुद्धा, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, हेरल्डचीच, आखूड केलेली.

फरक एकच, पण तोच मला भोवला. हेरल्डच्या चासीला दोन्ही कडांना लांब बीम आहेत. स्पिटफायर करताना ते काढून टाकले, मधला कणा तेवढा ठेवला आणि कडांचं ओझं बॉडीच्या सिलवर टाकलं. सिल म्हणजे दाराखालचा पोकळ पत्र्याचा उंबरठा, आत शिरताना आपण ओलांडतो तो. हेरल्डमध्ये तो शोभेचा, स्पिटफायरमध्ये तो भार घेतो. हे मला पाठ होतं. चारचौघांना मी ऐकवलेलंही होतं.

तर, २०२१ च्या नोव्हेंबरात ठाण्याला पाचपाखाडीत एक जुना बंगला रिडेव्हलपमेंटला गेला. तिथल्या आजोबांची ही गाडी १९८९ पासून मागच्या शेडमध्ये उभी होती. माझा मावसभाऊ शेजारच्या सोसायटीत राहतो, त्याने फोनवर फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "तुला गंज आवडतो ना?" आठ दिवसांत जागा रिकामी करायची, या अटीवर एक लाख ऐंशी हजारांत सौदा झाला. कागदपत्रं एका जुन्या पावडरच्या डब्यात होती, अगदी व्यवस्थित. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, एमआरने सुरू होणारा नंबर. आजोबांनी किल्ली दिली तेव्हा सांगितलं, "पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही, ओरडते." बरोबर होतं, त्या मॉडेलला पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी कडी, नाही. बत्तीस वर्षं गाडी न चालवलेल्या माणसाला तिची एवढी एक खोड लक्षात होती.

टेम्पोवर चढवून कळव्याचा पूल, विटाव्याचा रेल्वेखालचा रस्ता आणि दिघा करत ती ऐरोलीला आली. नवऱ्याने भोवती एक फेरी मारली आणि शांतपणे विचारलं, "ह्यातली गाडी कुठली आणि गंज कुठला?"

आता माझ्याविषयी थोडं, कारण त्याशिवाय पुढची नामुष्की नीट कळणार नाही. मी रबाळ्याला एमआयडीसीतल्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात लॅब सांभाळते. गंज हाच माझा धंदा. आमच्याकडे सॉल्ट स्प्रेची पेटी आहे. आत ३५ अंश तापमान, पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं. त्यात झिंक चढवलेले बोल्ट, ब्रॅकेट वगैरे ठेवायचे आणि किती तासांनी पहिला लाल ठिपका दिसला ते लिहायचं. ऐरोली ही तशीच पेटी आहे, फक्त झाकण नसलेली. खाडी आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. लोक हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला येतात आणि 'काय हवा आहे' म्हणतात. हवा आहे खरी. त्या हवेत उघडं लोखंड ठेवून बघा म्हणावं.

मी ठेवलं. २०२२ च्या जूनमध्ये. बॉडी उतरवून चासी सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज काढायला, दिली होती, तारीख एप्रिलची होती, ती सरकत सरकत पाच जूनवर आली. खरं तर तेव्हा 'राहू दे, दिवाळीनंतर करू' म्हणायला हवं होतं. संध्याकाळी चासी घरी आली तेव्हा रुप्यासारखी राखाडी दिसत होती. प्रायमर दुसऱ्या दिवशी मारू म्हटलं, कारण दमट हवेत रंग मारायचा नसतो. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या निदान तीन अंश वर हवं, हा आमच्या लॅबमधला पाठ. रात्री पहिला पाऊस पडला. पोर्चला छत आहे, थेंबही आत आला नाही. पण सकाळी चासी पापडाच्या खारासारखा बारीक नारिंगी थर पांघरून बसली होती. फॉस्फोरिक ॲसिडने पुसली, कोरडी केली, पुन्हा पुसली. चार दिवस गेले आणि ब्लास्टिंगचे साडेसहा हजार फुकट गेले. पण हे छोटं दुखणं होतं.

छोटे भाग मी घरीच साफ केले. मागच्या अंगणात निळा ड्रम, त्यात पाणी आणि धुण्याचा सोडा. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या काळ्या वायरला टांगायचा, लाल वायरला साधी लोखंडी पट्टी. रात्रभर बुडबुडे येतात, सकाळी गंजाचा काळा चिखल होऊन ब्रशने निघून येतो. फक्त लाल वायरला स्टीलचा चमचा किंवा स्टेनलेसचं काहीही लावायचं नाही. त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं आणि मग ते पाणी ओतायचं कुठे हा प्रश्न. आणि स्प्रिंगा, कडक बोल्ट यांना हा प्रयोग नको. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तो पोलादात शिरला की पोलाद ठिसूळ होतं. सोसायटीतल्या एका काकांनी ड्रम बघून विचारलं, "वहिनी, घरी वाइन करताय?"

बोल्टांचं एक वेगळंच प्रकरण आहे. सगळे इंची. आपल्या घरातले पाने मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे १२.७, त्यामुळे १३ चा पाना बसतो, किंचित सैल. नवऱ्याने मदत म्हणून त्याच १३ च्या पान्याने चार बोल्टांची डोकी गोल करून ठेवली. मग मशीद बंदरला नागदेवी स्ट्रीटवर जाऊन इंची पान्यांचा सेट आणला, आणि १३ चा पाना त्यांच्या स्कूटरच्या डिकीत हद्दपार झाला.

पुढच्या सस्पेन्शनबद्दल मात्र जरा सावकाश सांगते.

या गाडीत, आणि हेरल्डमध्येही, पुढच्या चाकाची उभी दांडी खालच्या टोकाला आट्यांनी एका कांस्याच्या ठोकळ्यात बसते. त्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग फिरवलं की दांडी त्या आट्यांत फिरते. डावीकडचे आटे उलटे, उजवीकडचे सुलटे. गाडीचं पुढचं वजन, खड्डे, ब्रेक, सगळं त्या बोटभर जाडीच्या आट्यांवर. कंपनीचं म्हणणं होतं की त्यात गिअरचं घट्ट तेल भरा. नव्वद नंबरचं ऑइल म्हणतात ना, तेच. पण ठोकळ्यावर तेल भरायची जागा दिसायला अगदी ग्रीसच्या निपलच्या जागेसारखी, त्यामुळे जगभरच्या मिस्त्र्यांनी वर्षानुवर्षं त्यात ग्रीस भरलं. ग्रीस सुकतं, आट्यांच्या तळापर्यंत जात नाही, पाणी जातं. कांसं, पोलाद आणि पाणी एकत्र आले की पोलाद मरतं, हे तर माझ्या धंद्यातलं पहिलीचं पुस्तक.

आमच्या डाव्या ट्रनियनमधून सुकलेलं ग्रीस निघालं ते खरवडून काढावं लागलं, बुटाच्या पॉलिशसारखं. दांडी धुतली तर डोळ्यांना ठीक दिसत होती. थोडे खड्डे होते, पण आटे शाबूत. लेक म्हणाला, "चांगलीये की." मला वाटलं, एकदा बघूच. दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत दांडी घालून कामावर नेली. आमच्याकडे भेगा शोधायला डाय पेनिट्रंट असतं, तीन डबे स्प्रेचे. जेवणाच्या सुट्टीत मी दांडी साफ केली, लाल रंग फवारला आणि भाजी-पोळी उघडून बसले. पंधरा मिनिटं थांबायचं असतं, म्हणजे भेग असली तर रंग तिच्यात शिरतो. मग कापडाने रंग पूर्ण पुसला. दांडी पुन्हा स्वच्छ, करडी. वर पांढऱ्या पावडरीचा फवारा मारला. सुरुवातीला काहीच नाही. मग जिथे आटे सुरू होतात त्या मानेशी एक लाल ठिपका आला, त्याला शेजारी दुसरा मिळाला, आणि बघता बघता केसाएवढी रेघ जवळजवळ अर्ध्या परिघापर्यंत गेली. पांढऱ्यावर लाल. कुणीतरी आतून लिहितंय असं वाटत होतं.

पाम बीच रोडवर ऐंशीच्या वेगात हे चाक आडवं झालं असतं. मी डबा तसाच झाकून ठेवला.

मग हेरल्डची दांडी शोधायला कुर्ल्याला सीएसटी रोडच्या भंगारवाल्यांकडे चकरा. ही दांडी दोन्ही गाड्यांना चालते. पहिल्या तिघांनी हसून वाटेला लावलं. चौथ्याने माळ्यावरून एक पोतं ओढून काढलं, त्यात तीन निघाल्या, दोन डाव्या, एक उजवी. तिन्ही आणल्या, तिन्हींवर तोच लाल-पांढरा प्रयोग केला. दोनींत भेगा निघाल्या. एक, नशिबाने डावीच, स्वच्छ निघाली. आता ती गाडीत आहे, तेलासकट, आणि निपलच्या जागेशी मी मराठीत पाटी लावलीय, 'ग्रीस घालू नये'.

इंजिनाची कथा मी पटकन संपवते, कारण त्यात माझी फार मर्दुमकी नाही. पिस्टन अडकलेले होते. डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ तेल भरून तीन आठवडे ठेवलं, मग सुटले. बोअर, म्हणजे पिस्टन वरखाली होतो त्या नळ्या, खराब; वागळे इस्टेटच्या मशीनशॉपमध्ये बोअर करून घ्यायचे ठरले. मला वाटत होतं पिस्टन मद्रासच्या हेरल्डचे बसतील, कुटुंब एकच. मोठ्या आनंदाने सेट मिळवला. घरी आणून व्हर्नियर लावला तर ६३ मिलिमीटर. आमच्या इंजिनाचा बोअर ६९.३. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, दोन्हींचा ७६, म्हणून इंजिनं बाहेरून सारखी दिसतात; पण हेरल्डचं ९४८ सीसी, आमचं ११४७. तो सेट अजून कपाटात आहे. शेवटी पिस्टन इंग्लंडहून मागवले. तिथे या गाडीचं अगदी रबराच्या बुचापर्यंत सगळं नवं मिळतं, फक्त कुरिअर आणि कस्टम ड्यूटी धरून किंमत दुप्पट होते. मधल्या काळात निदान दहा जणांनी सल्ला दिला, "कशाला एवढं? मारुतीचं इंजिन टाका, चावी मारा, निघा." टाकलंही असतं. पण २०२१ साली व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. गाडी पन्नास वर्षांच्या वरची आणि मूळ रूपातली हवी, मग २० हजार भरून 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर दहा वर्षांसाठी मिळतो. रोज कामावर न्यायला ती गाडी चालत नाही, पण रीतसर रस्त्यावर येते. इंजिन बदललं की मूळ रूप गेलं.

२०२३ च्या दसऱ्याला पोर्चमध्येच इंजिन पहिल्यांदा चालू करायचं ठरवलं. सासूबाईंनी पान्यांची पूजा केली, बॉनेटला झेंडूची माळ. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी बॅटरी आणून एका मुलाने ती बसवून दिली, लाल तार स्टार्टरला, काळी बॉडीला. सगळे लावतात तशी. मी तेव्हा कार्ब्युरेटरच्या खाली डोकं घालून बसले होते, बघितलंच नाही. इंजिन लागलं. चाळीस सेकंद लागलं. निळा धूर शेजारच्या गॅलरीत गेला, लेक नाचायला लागला, आणि पाठोपाठ एक जळका वास आला. व्होल्टेज रेग्युलेटरचे पॉइंट चिकटून काळे झाले होते. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे. म्हणजे लाल तार बॉडीला, काळी स्टार्टरला, उलटं. मार्क थ्रीपासून इंग्रजांनी ते सरळ केलं, आमची मार्क टू. डायनॅमो त्याच्या जुन्या सवयीने उलटी वीज देत राहिला आणि बॅटरी तिच्या. त्या मुलाला काय बोलणार? त्याने जे केलं ते त्याच्या जन्मात पाहिलेल्या प्रत्येक गाडीला बरोबर होतं. आता बॅटरीवर लाल रंगाने ठळक लिहिलंय. या गाडीवर हळूहळू वाचायला खूप झालंय.

आणि मग सिल.

२०२४ च्या फेब्रुवारीत उजव्या बाजूचं, ड्रायव्हरकडचं सिल कापायला घेतलं. बाहेरून रंग बरा होता. ग्राइंडर लावला तर ठिणग्याच येईनात, पांढरी धूळ उडायला लागली. पुट्टी. पाऊण इंच जाडीची पुट्टी, तिच्या मागे जाळी, आणि जाळीच्या मागे ठासून भरलेला वर्तमानपत्राचा लगदा. कधीतरी कुणा डेंटरने भोक बुजवायला तो भरला असणार, आणि मग पावसाळ्यामागून पावसाळे तो स्पंजासारखा पाणी पीत राहिला. चिमट्याने ओढून बाहेर काढताना एका तुकड्यावर 'गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष' एवढं वाचता आलं. पुढचं गंजाने खाल्लं होतं.

सिलचे तीन थर असतात, आतला, बाहेरचा आणि मधली मजबुतीची पट्टी. इंग्लंडहून तेवढा लांब पत्रा मागवायचा तर भाडंच पत्र्याहून जास्त. मी डाव्या बाजूवरून पुठ्ठ्याचे साचे कापले, उलटवले, आणि महापेला वीस गेजचा सीआर पत्रा बेंडिंग मशीनवर वाकवून घेतला. साचे चांगले झाले होते. मला माझं कौतुकही वाटलं होतं.

सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, चौकोनी पाइप वेल्ड करून घ्यायचा असतो. म्हणजे खालचा आधार काढला तरी चौकट हलत नाही. स्पिटफायरवर काम केलेला प्रत्येक माणूस हे सगळ्यात आधी सांगतो. मीही यादीत पहिल्या नंबरवर लिहिलं होतं. पण त्या रविवारी पाइपवाल्याचं दुकान बंद निघालं. आणि सीओटू वेल्डिंगवाला मुलगा, जो एरवी दिघ्याच्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात असतो, त्याला तेवढाच रविवार मोकळा. साध्या ग्रिलवाल्याकडून एवढा पातळ पत्रा जोडून घेता येत नाही, जळून भोक पडतं, म्हणून त्याला महिनाभर धरून ठेवलं होतं. मी स्वतःला सांगितलं, बॉडी चासीवर आहे, चासी सरळ आहे, एकाच बाजूचं तर कापतोय. खाली बसणार कुठे?

कामावर मी एका रकान्यात सही नाही म्हणून अख्खी लॉट परत पाठवते. व्हेंडर मला 'मास्तरीणबाई' म्हणतात, मागे. एवढंच सांगून पुढे जाते.

बॉडी बसली. आवाज न करता, सहा-सात मिलिमीटर, मध्ये वाकलेल्या खाटेसारखी. दार आम्ही आधीच काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं, त्यामुळे बघायला काही नव्हतंच. पुढचे रविवार त्याच वाकलेल्या बॉडीला मी सुबक, स्वच्छ, झिंक प्रायमर मारलेलं नवं सिल जोडून घेतलं. वेल्डिंगसुद्धा छान झालं. चूक पक्की झाली, मजबूत झाली. मग मे महिन्यात दार लावलं.

त्यानंतर महिनाभर मी पोर्चमध्ये गेलेच नाही. गाडीवर ताडपत्री आणि त्यावर पावसाळा. नवऱ्याने एकदाही विषय काढला नाही, ते जास्त टोचलं. खर्चाची वही फ्रीजवर असते, तिच्यावर कुणीतरी लोणच्याची बरणी ठेवली होती आणि मी ती हलवली नाही.

ऑगस्टमध्ये मावसभावानेच ठाण्यातल्या चरईतल्या एका डेंटरमामांना आणलं. सत्तरीला टेकलेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, धंदा मुलाकडे दिलेला. तरुणपणी हेरल्ड पुष्कळ केलेल्या. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली नाही. सरळ दाराशी आले, हँडल धरून दार हळूच उचललं, सोडलं, आणि विचारलं,

"ताई, दार लावून कापलंत का काढून?"

"काढून."

"पाइप?"

मी काही बोलले नाही. तेही बोलले नाहीत. "चहा आणा," म्हणाले.

चहा होईपर्यंत त्यांनी खिशातून आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या काढल्या, रबरबँड लावलेला जुडगा. टेप त्यांनी काढलीच नाही. दोन काड्या एकावर एक ठेवून त्या दाराच्या फटीतून फिरवायला लागले. खाली दोन काड्या पडल्या, तीन ठेवल्या तरी सैल, पाच ठेवल्यावर धरल्या. वरच्या कोपऱ्यात एकही शिरेना. "चारी बाजूंनी दोन काड्या यायला पाहिजेत," ते म्हणाले. मी नंतर मोजलं, दोन काड्या म्हणजे चार मिलिमीटरच्या आसपास. पुस्तकातलं पाठांतर एका जुडग्यात.

"परत कापावं लागणार?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

"कापायचं नाही. उसवायचं."

आणि खरंच त्यांनी उसवलं. वेल्डिंगच्या एकेका टाक्यावर पंच मारून, ड्रिलने फक्त वरच्या पत्र्यातून टाका काढायचा, खालच्याला धक्का न लावता. बासष्ट टाके. मी मोजले, कारण ड्रिल माझ्या हातात होतं आणि मामा मोड्यावर बसून फक्त "हां" किंवा "जास्त गेलं" म्हणत होते. दोन रविवार त्यातच गेले. सिल मोकळं झालं, पण माझं सिल वाया गेलं नाही. तेच पुन्हा वापरायचं होतं. साचे चांगले होते, म्हटलं ना.

मग खरं काम. दार बिजागरीला लावलं. गाडीच्या मधोमध, सिलच्या आतल्या बाजूला, फळी आणि फळीखाली बॉटल जॅक. मामा दाराशी काड्या घेऊन, मी खाली जॅकच्या दांड्याशी. "पाव." मी पाव दांडा मारायचा. काड्या फिरवायच्या. "अजून पाव." पत्रा कण्हल्यासारखा वाजायचा. वरची फट आधी उघडतच नव्हती, मग एक काडी शिरली. मग दीड, दुसरी काडी त्यांनी दाताने सोलून पातळ केली होती. "थांब. दहा मिनिटं तिला बसू दे." या मधल्या दहा मिनिटांत त्यांनी मला ठाण्याच्या कुठल्या डॉक्टरांच्या हेरल्डला कुठला रंग होता ते सगळं सांगितलं. दुपारी साडेतीनला चारी बाजूंनी दोन काड्या फिरल्या, फक्त खालच्या मागच्या कोपऱ्यात किंचित सैल. "तेवढं राहू दे. कारखान्यातून पण तसंच येत असेल."

आता दार लावलेल्या अवस्थेत आतून चौकोनी पाइप, दोन, कातरीसारखे आडवे-तिडवे. मग सिल, आणि वेल्डिंग मधून कडेकडे, एक टाका इथे, एक तिथे, मध्ये गार होऊ द्यायचं. एका ओळीत मारत सुटलं की उष्णतेने पत्रा ओढला जातो. दर सहा टाक्यांनंतर काड्या. तो दिघ्याचा मुलगा कंटाळला, पण मामांसमोर बोलला नाही. पोकळ भागात मी आतून मेण फवारलं, लांब नळीने, आणि खाली पाणी निघायची भोकं ठेवली. आधीच्या डेंटरने तीच बुजवली होती.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाइप कापून काढले. जॅक आधीच काढला होता. मामांनी दार उघडलं, पूर्ण, आणि एका बोटाने ढकललं. खट्. त्यांनी काड्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. पैसे किती म्हटल्यावर त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून मला लाज वाटली, जास्त दिले तर मोजून वरचे परत केले आणि म्हणाले, "डावीकडच्या वेळी बोलवा. नुसतं बघायला येईन."

आता जानेवारी आहे. रेग्युलेटर नवा बसलाय, लाल तार बॉडीला, मीच लावली. पेट्रोलच्या नळ्या सगळ्या बदलल्या, इथेनॉलमुळे जुनं रबर फुगतं. सीटच्या रेक्झिनला रंग कोणता यावरून घरात दोन पक्ष आहेत. व्हीएच्या अर्जासाठी फोटो काढायचे राहिलेत, कारण समोरून काढला की डावी बाजू दिसते, आणि डाव्या बाजूला पुट्टीच आहे; मी बोटाने टकटक केली तेव्हा पुट्टीचाच आवाज आला. तिथल्या वर्तमानपत्रात काय लिहिलंय याची लेकाला उत्सुकता.

चौकोनी पाइप मात्र या वेळी आधी आणून ठेवलेत, दोन महिने झाले. पोर्चमध्ये दोन खुर्च्यांवर आडवे टाकलेत आणि सध्या सासूबाईंनी त्यांच्यावर धुतलेल्या गोधड्या वाळत घातल्यात. रविवारपर्यंत वाळल्या तर मामांना फोन करते.